पाहुण्याला वाघ

माणसावर लगेच विश्वास टाकायचा नाही, हे मला आईनं शिकवलं आणि पोस्टानं पक्कं केलं. पोस्टात मी ज्या विभागात होते तिथं पत्ता न लागलेली पत्रं येत. पाकीट फोडायचं, आतला मजकूर वाचायचा आणि त्यावरून पाठवणाऱ्याचा काही ठावठिकाणा लागतो का ते बघायचं, हे माझं काम. दुसऱ्यांची पत्रं वाचायचा पगार घेणारी बाई नवऱ्याच्या खिशातली बसची तिकिटंसुद्धा वाचते, असं नंदकुमार, म्हणजे माझा नवरा, चारचौघांत सांगायचा. सांगू दे. 'आम्ही सर्व येथे मजेत आहोत' असं लिहिणारी माणसं सहसा मजेत नसतात, एवढं मला सोळा वर्षांत कळून चुकलं होतं.

१९७९ साली आम्ही गिरगाव सोडून वाशीला राहायला आलो. नंदकुमारचा कारखाना ठाणे-बेलापूर रस्त्यावर होता आणि गिरगावातल्या दीड खोलीत आमच्या लेकीला, नंदिनीला, अभ्यासाला कोपरा नव्हता. चार मजली नवी इमारत, सोळा घरं, त्यातली निम्मी अजून कुलुपात. मागे भातखाचरं बुजवलेलं सपाट रान, पुढे कच्चा रस्ता, आणि संध्याकाळी खाडीवरून असा वारा यायचा की दार उघडं राहिलं तर भिंतीवरचं कॅलेंडर जिन्यात जाऊन पडे. सामानाचा टेम्पो यायच्या आधी मी ग्रिलवाल्याला बोलावून पुढच्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसवून घेतल्या. मागच्या खिडकीची जाळी रंगवायची राहिली, म्हणून लाल प्रायमरचा अर्धा डबा गॅलरीत जपून ठेवला. तो डबा लक्षात असू द्या.

शेजारी कोण आहेत हे वर्षभर कुणाला ठाऊक नव्हतं. गिरगावात भांडायला का होईना माणसं एकमेकांच्या दारात जात. इथं प्रत्येक जण दाराच्या भोकातून बघे आणि आतली कडी लावे, मीही त्यातलीच. सगळ्यांनी मिळून असोसिएशन काढली तेव्हा पुरुषांनी एकेक करून अंग काढून घेतलं आणि माझं अक्षर चांगलं म्हणून सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं.

कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यात, खाडीकाठी वाढतं त्या मोठ्या भेंडीच्या झाडाखाली एक मोठा काळा दगड होता. वरून सपाट, लहान मुलाच्या कमरेइतका उंच, अगदी टेबल म्हणून ठेवल्यासारखा. बांधकामवाल्यांना तो हलवता आला नसावा. शनिवारी मला अर्धा दिवस असे. अशाच एका शनिवारी चारच्या सुमाराला मी गॅलरीत उभी होते, तर दगडापाशी एक म्हातारा उकिडवा बसलेला आणि त्याच्याभोवती आमच्या बिल्डिंगची सहा-सात पोरं. त्यात आमची नंदिनी. कुणी ओरडत नव्हतं, कुणी पळत नव्हतं. सात पोरं एका जागी गप्प बसली म्हणजे काहीतरी भानगड आहे, हे कोणत्याही आईला कळतं.

पोरं पळवणाऱ्या टोळीच्या बातम्या त्या काळात दर दोन महिन्यांनी उठत. मी चप्पल न घालता खाली गेले.

म्हातारा सत्तरीचा असेल. अंगात बाह्यांची गंजीफ्रॉक, कमरेला धोतराचा आखूड तुकडा, डोक्याला टॉवेल. दगडावर उभ्याआडव्या, तिरप्या रेघा कोरलेल्या होत्या, त्यांवर लाल कौलाचे तीन तुकडे आणि पांढऱ्या शिंपल्या मांडलेल्या. माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो मटका. मुंबईत तेव्हा गल्लीगल्लीत तो चालायचा आणि आकड्यांच्या चिठ्ठ्या पोहोचवायला पोरंच वापरत.

"काय चाललंय हे?" मी विचारलं.

"वाघ-बकरी हाय, बाय," तो म्हणाला. "बस ना तू पन."

ओळख ना पाळख, आणि मला 'तू' म्हणाला. तिथंच माझ्या मनातून तो उतरला. पण पोरांच्या देखत पळ काढायचा नाही म्हणून मी बसले. खेळ सोपा होता. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. वाघानं बकरीवरून पलीकडच्या मोकळ्या घरात उडी मारली की बकरी मेली. बकऱ्यांना उडी मारता येत नाही. त्यांनी एकमेकींना चिकटून राहायचं आणि वाघाला कोंडायचं. त्यानं कौलाचे तिन्ही तुकडे माझ्या पुढ्यात सरकवले आणि शिंपल्या आपल्याकडे घेतल्या.

"वाघ मला का?" मी विचारलं.

"तू नवीन ना. नवीन मानसाला पंधरा बकऱ्या सांबालता येतील व्हय? पावन्याला वाघ द्यावा, आपुन बकऱ्या घ्याव्या. आमच्या गावची रीत हाय."

मी तीन डाव खेळले आणि तिन्ही जिंकले. जन्मात पहिल्यांदा खेळणारी बाई तीन डाव जिंकते म्हणजे समोरचा मुद्दाम हरतोय, हे कळायला पोस्टात सोळा वर्षं काढावी लागत नाहीत. हरण्यात याचा फायदा काय? मी पोरांना एकेक करून विचारून घेतलं. तो पैसे मागत नाही. खाऊ देत नाही. गोष्टी सांगून घरातली माहिती काढून घेत नाही. काही देत नाही आणि काही घेत नाही, हे ऐकून तर माझा संशय दुप्पट झाला. कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्याचं नाव कान्हा मढवी. आठवड्यातून चार-पाच वेळा तो चारला यायचा आणि दिवेलागणीच्या आत जायचा. खरं सांगायचं तर तो यायला लागल्यापासून बिल्डिंग बदलली. पोरांना हाका मारायला बाया खाली यायच्या, मग तिथंच उभ्या राहून बोलायच्या. दुसऱ्या मजल्यावर मद्रासकडचं एक कुटुंब आलं, त्यांची मुलगी वेदवल्ली, पोरांची वेदा, नंदिनीएवढी. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. महिनाभर ती खिडकीत बसून होती. कान्हानं एक दिवस खालूनच तिला वाघ दाखवला, म्हणजे कौलाचा तुकडा उंच धरून दाखवला आणि तोंडानं डरकाळी फोडली. ती आली. चौथ्या दिवशी ती नंदिनीवर मराठीत ओरडत होती, "माझी बकरी का मारली!" पहिल्या मजल्यावरचे अरविंद टिपणीस, जे जिन्यात कुणाशी नजर मिळवत नसत, तेही रविवारी "सहज" खाली येऊन वाघ घ्यायचे आणि जिंकून वर जायचे. तो गृहस्थ स्वतःला त्या खेळातला पट्टीचा खेळाडू समजायला लागला होता.

हे सगळं मी बघत होते, आणि बघूनही मनातली अढी जात नव्हती. एका शनिवारी तो निघाला तसं मी पन्नास पावलं मागे ठेवून त्याच्या मागे गेले. बाईमाणसाला असं करणं शोभत नाही हे ठाऊक होतं, पण पाकीट फोडल्याशिवाय आतलं कळत नाही. तो जुहूगावात शिरला, एकाला एक लागून असलेल्या घरांच्या बोळातून वळला आणि एका कौलारू घराच्या ओटीवर चढला. तो आत गेल्यावर मी ओटीवर जाळं विणत बसलेल्या म्हातारीला, पत्ता शोधतेय असं दाखवून, विचारलं. ती त्याची बायको, बयाबाई.

"कुठून आलीस गो?" तिनं मलाच विचारलं. मी बिल्डिंगचं सांगितलं.

"त्या भेंडीच्या झारापाशची?" ती म्हणाली आणि हातातलं जाळं खाली ठेवलं. "तो आमचा खला व्हता. तुमची बिल्डिंग हाय ना, ती आमच्या शेतावं हाय. तो काला दगड सासऱ्यानं बैलगारीवं आनला. भात झोडला का राखन कराला बापलेक त्यावं बसाचे नि वाघ-बकरी खेलाचे. त्या रेघा सासऱ्याच्या हातच्या हायत. जमीन गेली, पन त्याचा जीव त्या दगडावं हाय. रोज बगून येल्याबिगर भात जात नाय त्याला."

दुसरी कुणी असती तर तिला वाईट वाटलं असतं. मला वाटलं ते हेच, की सापडलं! म्हणून हा येतो. पोरं हे नुसतं निमित्त, याचा डोळा जागेवर आहे.

त्या वेळचं वातावरणही तसंच होतं. जमिनी सरकारनं घेतल्या होत्या, भाव मिळाला तो गावकऱ्यांना मान्य नव्हता. नाक्यावर सभा व्हायच्या, भिंतींवर मागण्या लिहिलेल्या असायच्या. आम्ही फ्लॅटवाले त्या भिंतींकडे न बघता भाजी आणायला जायचो. मी बयाबाईकडे ऐकलेलं टिपणिसांना सांगितलं, तसा त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"गुप्तेबाई, लिहून ठेवा," ते म्हणाले. "आज दगड आहे. उद्या त्याला शेंदूर लागेल. परवा वर पत्रा, तेरवा घंटा. मग कुणाच्या बापाची टाप आहे त्याला हात लावायची? लालबागला आमच्या चाळीचा अख्खा चौक असा गेला. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी."

मुंबईच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दगडाला शेंदूर लागला की तो दगड राहत नाही आणि जागा आपली राहत नाही, हे आम्ही लहानपणापासून बघत आलेलो. ओसरी नक्की कुणाची होती, हे मात्र त्या दिवशी दोघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही. मी कान्हाला एकदा आडून बजावलंही. "मढवी, दगडाला काही लावायचं-बिवायचं नाही हं. बिल्डिंगचे लोक ऐकणार नाहीत. दगड काढून टाकतील."

"काय लावाचा?" तो म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं. मला वाटलं, सोंग आहे.

१९८१च्या फेब्रुवारीतला शनिवार. मी दोनच्या बसनं आले, फाटकातून आत शिरले आणि थबकले. भेंडीखालच्या दगडावर लालभडक ठिपके होते. तीन. एकेक रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा, ओला, चकचकीत. मी जवळ जाऊन बोट लावायचीही तसदी घेतली नाही. शेंदराला कोण बोट लावून बघतं? सरळ जिना चढले आणि दारोदार गेले. त्या बिल्डिंगची सगळी माणसं एका जागी जमली ती त्या दुपारी पहिल्यांदा. दोन वर्षांत सत्यनारायणालाही एवढी आली नव्हती.

चार वाजता कान्हा आला. एवढा जमाव बघून त्याला वाटलं, सगळी खेळायला आली आहेत. तो हसत हसत दगडापाशी गेला, नेहमीसारखा उकिडवा बसला, कमरेची शिंपल्या-कौलांची पिशवी सोडली आणि मग त्याला ते ठिपके दिसले. तो बघतच राहिला. पोरं एव्हाना जिन्यातून खाली उतरली होती. नंदिनी सगळ्यांच्या पुढे येऊन माझ्यासमोर, मी आणि कान्हा यांच्या मधोमध उभी राहिली, हात पाठीशी बांधून.

"मढवी," मी म्हटलं, "स्पष्ट विचारते. हा शेंदूर तुम्ही लावला असेल तर उद्या सकाळी हा दगड फोडणार आणि तुम्ही परत या फाटकातून आत यायचं नाही. लावला नसेल, तर कुणी लावला ते सांगा, म्हणजे दगड राहील."

त्यानं एकदा ठिपक्यांकडे बघितलं, एकदा पोरांकडे. मी नंदिनीकडे वळले. "तू दुपारी इथंच होतीस ना? आजोबांना रंग लावताना पाहिलंस? खरं सांग."

नंदिनीची हनुवटी थरथरायला लागली. मला वाटलं, म्हाताऱ्यानं पोरीला धाक घातलाय. माझा पारा चढला आणि मी तिचा दंड धरणार, तेवढ्यात तो म्हणाला, "पोरीला कशाला इचारतंस, बाय? मीच लावला."

"कशाला लावला?"

"असाच."

टिपणिसांनी माझ्याकडे असं बघितलं की, बघा, सांगितलं नव्हतं? कान्हा उठला. दगडावर तळवा ठेवला, रेघांवरून एकदा फिरवला, ठिपक्यांना धक्का न लावता. मग शिंपल्यांची पिशवी वेदवल्लीच्या हातात दिली.

"फोडा," तो मला म्हणाला. "पन तुकरे उचलून न्या लगेच. फोडलेल्या दगडाला धार अस्ते. पोरा अनवानी खेलतात."

तो गेला. मी त्या रात्री इतिवृत्ताच्या वहीत माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, 'श्री. कान्हा मढवी यांनी शेंदूर लावल्याचे सर्वांसमक्ष कबूल केले. सबब दगड हटविण्याचा ठराव एकमताने मंजूर.' रविवारी सकाळी दोन पाथरवट आले. छिन्नी, सुतकी आणि पाचरी घेऊन त्यांना तीन तास लागले. रेघांचा भाग शेवटी फुटला. तुकडे पाण्याच्या टाकीच्या पायात भरले. पोरं कुणीच खाली आली नाहीत. मला त्या रात्री शांत झोप लागली, हेही लिहून टाकते.

बुधवारी सुट्टी होती. मागच्या खिडकीची जाळी गंजायला लागली म्हणून रंगवावी असं मनात आलं आणि मी गॅलरीतला डबा काढला. झाकण नुसतं वर ठेवलेलं. आतला रंग निम्म्याहून कमी, वर साय धरलेली, आणि ब्रश डब्यातच वाळून काठीसारखा कडक झालेला. मी कधी ब्रश धुतल्याशिवाय ठेवत नाही. डब्याच्या कडेला बोटांचे ठसे होते. छोटे.

मी तिथंच फरशीवर बसले. नंदिनी दारात येऊन उभी राहिली. मी काही विचारलं नाही, तरी तिनं सगळं सांगितलं. वेदाला खेळाच्या सुरुवातीला वाघ कुठं ठेवायचे ते आठवायचं नाही, आणि नवीन मुलंही येणार होती. म्हणून तिच्यासाठी वाघांच्या तीन जागांवर खुणा केल्या. रंग सहज मिळाला. नंतर हात निघेनात. मग वेदाच्या आईनं रॉकेलनं पुसून दिले. त्या बाईला आम्ही काय बोलतो ते कळत नव्हतं, त्यामुळे तिनं कुणाला सांगितलं नाही. आणि मला त्या संध्याकाळी पोरीच्या अंगाला रॉकेलचा वास आला होता. मला वाटलं, स्टोव्हचा.

"पण आजोबांना माहीत होतं," नंदिनी म्हणाली. "मी हात मागे धरले होते ना. ते माझ्या मागेच बसले होते."

सगळं आयुष्य मी दुसऱ्यांची पाकिटं फोडण्यात घालवलं, आणि माझ्याच पोरीचे लाल हात माझ्यापासून दोन हातांवर असताना मला दिसले नाहीत. ते त्या म्हाताऱ्याला दिसले. त्यानं आपल्या बापाचा दगड दिला आणि माझी पोर वाचवली. माझ्याच हातून वाचवली. मी इतकी रडले की शेवटी नंदिनीच मला पाणी घेऊन आली.

पुढच्या रविवारी मी जुहूगावात गेले. रिकाम्या हातानं जाववेना. नंदिनी आणि वेदानं चहाच्या खोक्याच्या प्लायवर पट्टीनं रेघा मारून तो पट काढून दिला होता, तो काखेत, आणि शिंपल्यांची पिशवी पर्समध्ये. बोळात शिरले नाही तोच एका बाईनं माझी वाट अडवली. तिनं फळीवरच्या रेघा बघितल्या आणि हाळी घातली, "मोजनीवाली आली गो! नकासा घेऊन आली!" बघता बघता दहा-बारा बाया जमल्या. शेतं गेली, आता घरं मोजायला आलीस काय? कुणी धारलं तुला? एकीनं फळी ओढली. मी म्हणत होते, खेळ आहे हो, खेळ आहे. शहरातली बाई सरळ रेघा मारलेली फळी घेऊन गावठाणात येते आणि म्हणते हा खेळ आहे, तर तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? त्यांच्या जागी मी असते तर मीही ठेवला नसता.

आवाज ऐकून कान्हा बाहेर आला. त्यानं फळी हातात घेतली, उलटी धरली, सुलटी धरली आणि हसायला लागला.

"नकासा नाय गो," तो बायांना म्हणाला. "वाघ-बकरी हाय. जावा आपापल्या कामाला. पावनी हाय ती माझी."

ओटीवर बसल्यावर मी रडत रडतच त्याला सांगितलं, शेंदूर नव्हता, माझ्याच घरातला रंग होता. तो म्हणाला, "मना ठाव हाय."

"मग खोटं का बोललात? तुमचा दगड गेला ना त्यात!"

"तू तिला मारली अस्तीस," तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. मी मारलं असतं, सगळ्यांसमोर मारलं असतं. "नि दगडाचा काय? शेत गेला तवाच तो गेला. मी आपला उगाच बगाला येवाचो."

"मोठा शाना!" आतून बयाबाईचा आवाज आला. "दोन दीस जेवला नाय तो. आता पावनीसमोर मोठ्या गोष्टी सांगतंय."

मी म्हटलं, उद्याच सभा बोलावते आणि सगळ्यांना खरं सांगते, वहीतलं लिहिलेलं खोडते. तर तो एकदम कडक झाला.

"नाय. बिल्डिंगीत सांगाचा नाय. पोर लहान हाय. सगले तिला बोलतील, म्हातारा तुझ्यापायी गेला. मना काय, मी गावात ऱ्हातो. तिला तिथं ऱ्हावाचा हाय."

मला आतून सुटल्यासारखं वाटलं. सभेत उभं राहून हे सांगावं लागणार नाही म्हणून बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची लाज वाटली, ती अजून जात नाही.

मग मी एवढंच केलं. दर शनिवारी चार वाजता बिल्डिंगची पोरं गोळा करून जुहूगावात त्याच्या ओटीवर न्यायला लागले. प्लायची फळी तिथंच ठेवली. पोरं वाढली तशी नवी येत राहिली, गावातलीही त्यांत बसायला लागली. 'गुप्तेबाई पोरांना गावात कशाला नेतात, यात काहीतरी आहे,' असं टिपणीस जिन्यात कुणाला तरी सांगत होते म्हणे. मी त्यांना दोष दिला नाही.

१९८७च्या श्रावणात कान्हा गेला. बिल्डिंगमधून मी, नंदिनी आणि वेदा अशा तिघीच गेलो. इतिवृत्ताची वही नंतर दुसऱ्या सेक्रेटरीकडे गेली, आणि तिच्यात अजून लिहिलेलं आहे की शेंदूर कान्हा मढवी यांनी लावला. 'आता लिहून टाक' असं नंदिनीनंच सांगितलं, म्हणून आज हे लिहिते आहे. शेंदूर कुणीही लावला नव्हता. तो माझ्या घरातला प्रायमर होता.

मी फळी घेऊन गेले त्या रविवारची एक गोष्ट सांगायची राहिली. बोलणं झाल्यावर कान्हानं फळी आमच्या दोघांमध्ये मांडली. मी पिशवी उलटी केली आणि सवयीनं कौलाचे तीन तुकडे आपल्याकडे ओढले. त्यानं ते माझ्या हातातून काढून घेतले.

"गावातल्या बायांना मी पावनी म्हनून सांगितला, तो त्यांच्यासाठी," तो म्हणाला. "पन पावनी अशी रडत येत नाय. तू आता बकऱ्या घे."

त्यानं पंधरा शिंपल्या माझ्यापुढे लोटल्या. आम्ही तीन डाव खेळलो. त्यानं माझ्या बकऱ्या एकामागून एक खाल्ल्या, तिन्ही डाव जिंकले, आणि दया म्हणून एकही सोडली नाही.